नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच नाव सांगायची. तिच्या मेंदूत डॉक्टर अल्झायमरला काय सापडलं?

साठी बुद्धी नाठी, असं आपण सहज म्हणून जातो. म्हातारं माणूस विसरणार, चिडणार, संशय घेणार, त्यात नवल ते काय? सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतले डॉक्टरही साधारण असंच धरून चालायचे. पण २५ नोव्हेंबर १९०१ ला फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची एक बाई दाखल झाली. तिची साठी अजून नऊ वर्षं लांब होती, आणि बुद्धी मात्र केव्हाच नाठी झाली होती.

तिला तपासणारा डॉक्टर म्हणजे आलोइस अल्झायमर. हे नाव आज घराघरात माहीत आहे, पण माणसाचं नाही, रोगाचं म्हणून. माणूस कसा होता ते बघू.

आलोइसचा जन्म १४ जून १८६४ चा, बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या छोट्या गावातला. वडील नोटरी, घरची परिस्थिती बरी. बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्झबर्गला तो वैद्यकशास्त्र शिकला. तलवारबाजी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टोळक्यातही होता, त्याची खूण म्हणून चेहऱ्यावर वार कायमचा राहिला. १८८७ ला त्याने डॉक्टरेट मिळवली ती कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! विषय ऐकून हसू येईल, पण सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास डोळा लावून बसायची सवय त्याला तिथेच लागली.

१८८८ मध्ये तो फ्रँकफर्टच्या रुग्णालयात रुजू झाला. त्या काळी अशा ठिकाणी रुग्णांना बांधून ठेवणं नेहमीचंच होतं. इथले प्रमुख एमिल सिओली यांना ते बंद करायचं होतं. बांधण्याऐवजी कोमट पाण्यात बराच वेळ बसवून रुग्णाला शांत करायचं, अशी पद्धत त्यांनी आणली आणि अल्झायमरने ती मनापासून राबवली. वर्षभराने फ्रान्झ निस्सल तिथे आला. मेंदूच्या पेशी रंगवून स्पष्ट दिसतील अशी पद्धत शोधणारा हाच तो निस्सल. दिवसा वॉर्डात रुग्ण, रात्री सूक्ष्मदर्शक, अशी दोघांची जोडी जमली.

पुढे अल्झायमरने सेसिली या श्रीमंत विधवेशी लग्न केलं. तीन मुलं झाली आणि फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली वारली. मुलांना सांभाळायला बहीण आली. अल्झायमरने स्वतःला कामात गाडून घेतलं. त्यानंतर नऊ महिन्यांनी ऑगुस्टे त्याच्यासमोर बसली होती.

तिचा नवरा रेल्वेत कारकून. बायको एकाएकी आपल्यावर संशय घेऊ लागली, स्वयंपाक बिघडू लागला, घरातल्या वस्तू कुठेतरी लपवू लागली, म्हणून त्याने तिला आणलं होतं. अल्झायमरने तिला नवऱ्याचं नाव विचारलं, तर तिने स्वतःचंच सांगितलं. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, ती म्हणाली पालक खातेय. नाव लिहायला सांगितलं, तर श्रीमती एवढं लिहून ती थांबली. पुढचं आठवेना. आपण कुठेतरी हरवलो आहोत, हे मात्र तिला कळत होतं आणि ती तसं बोलूनही दाखवायची. अल्झायमरने प्रत्येक प्रश्न आणि प्रत्येक उत्तर जसंच्या तसं टिपून ठेवलं.

१९०३ मध्ये तो नामवंत मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्याबरोबर म्युनिकला गेला. तिथे सुरुवातीची काही वर्षं त्याने पगाराशिवाय काम केलं, सेसिलीच्या पैशावर घर चालत होतं. सिगारचा शौक दांडगा. विद्यार्थ्याच्या टेबलाशी बसून समजावताना सिगार बाजूला ठेवायचा आणि विसरायचा, त्यामुळे संध्याकाळी टेबलोटेबली अर्धवट सिगार सापडायचे, असं सांगतात. पण फ्रँकफर्टची ती बाई तो विसरला नाही. ८ एप्रिल १९०६ ला ऑगुस्टे वारली, अंथरुणाला खिळून झालेल्या जखमांमधल्या जंतुसंसर्गाने. अल्झायमरने तिचे कागद आणि तिचा मेंदू म्युनिकला मागवून घेतला.

चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची पद्धत तेव्हा नवी होती. ती वापरून त्याने पाहिलं, तर बऱ्याच पेशी मरून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी धाग्यांचे काळे गुंते उरले होते. पेशींच्या बाहेरही कसलेसे गठ्ठे विखुरलेले होते. ३ नोव्हेंबर १९०६ ला ट्युबिंगेनच्या परिषदेत त्याने हे सगळं मांडलं. सभागृहातून एकही प्रश्न आला नाही! १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. खुद्द अल्झायमरला हा वेगळा आजार आहे की म्हातारपणच लवकर आलंय, याची खात्री नव्हती.

आता मूळ प्रश्न. ते गुंते आणि गठ्ठे होते कशाचे? ते कळायला १९८० चं दशक उजाडलं. गठ्ठे बीटा-अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे. आणि त्या गुंत्यांवर आणखी एक गोष्ट चिकटलेली सापडली, ती म्हणजे युबिक्विटिन.

हे समजायला पेशीची कचरा व्यवस्था बघावी लागेल. आपल्या पेशीत प्रथिनं रोज बनतात, रोज खराब होतात. खराब प्रथिनावर युबिक्विटिनची चिठ्ठी लागते, म्हणजे हे टाकून द्यायचं. चिठ्ठी बघून प्रोटिअझोम नावाचं यंत्र त्याचे बारीक तुकडे करतं. मोठा ऐवज असेल तर पेशी त्याला पिशवीत गुंडाळते आणि लायसोझोम या आम्लाने भरलेल्या कोठाराकडे पाठवते. हीच ऑटोफॅजी, जिच्यावरच्या कामासाठी योशिनोरी ओहसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. गुंत्यांवर युबिक्विटिन सापडलं याचा अर्थ काय? कचऱ्यावर चिठ्ठी लागली होती, घंटागाडी मात्र तो उचलू शकली नव्हती.

कातडीची पेशी दुभंगते तेव्हा साचलेला कचराही दोघींत वाटला जातो. मेंदूतल्या न्यूरॉनला ती सोय नाही. तो साधारणपणे जन्मभर तोच राहतो, आणि त्याच्या लांब शेपटीच्या टोकाला जमलेला कचरा पार मुख्य भागापर्यंत ओढून आणावा लागतो. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांच्या न्यूरॉनमधली फक्त ऑटोफॅजी बंद केली. रोगाचं कुठलंही प्रथिन बाहेरून घातलं नव्हतं, तरी कचरा साचला आणि न्यूरॉन मरू लागले. २०१० मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या मेंदूतलं अमायलॉइड मोजलं गेलं. ते तयार होण्याचा वेग निरोगी माणसांइतकाच निघाला, निचरा मात्र सुमारे ३० टक्क्यांनी मंद.

पार्किन्सनमध्येही असंच काहीसं दिसतं. तिथे अल्फा-सायन्यूक्लिनचे गोळे साचतात आणि त्यांच्यावरही युबिक्विटिन असतं. हे गोळे पहिल्यांदा पाहिले फ्रीडरिश लेवी यांनी. तेही अल्झायमरच्याच प्रयोगशाळेत काम केलेले!

मग गठ्ठे काढून टाकले की माणूस बरा होईल? इथे घाई नको. लेकानेमॅबसारखी औषधं अमायलॉइड काढतात, त्याने घसरण थोडी मंदावते, थांबत नाही. गठ्ठे हेच रोगाचं कारण, असं मानायला अल्झायमर स्वतःही तयार नव्हता. १९११ मध्ये त्याने त्यांना सोबतचं लक्षण म्हटलं होतं.

१९१२ मध्ये त्याला ब्रेस्लाऊला प्राध्यापकपद मिळालं. तिकडे जाताना गाडीतच तो आजारी पडला आणि पुन्हा धड बरा झालाच नाही. १९ डिसेंबर १९१५ ला तो गेला. वय ५१, ऑगुस्टे दाखल झाली तेव्हा तिचं होतं तेवढंच. त्याला फ्रँकफर्टला सेसिलीशेजारी पुरलं.

ऑगुस्टेची फाइल मात्र नंतर कुठेतरी गडप झाली होती. डिसेंबर १९९५ मध्ये फ्रँकफर्टच्या डॉक्टरांना ती जुन्या दप्तरात सापडली. निळ्या पुठ्ठ्यात ३२ पानं, अल्झायमरच्या हस्ताक्षरातल्या नोंदी, तिचे फोटो, आणि तिने स्वतःचं नाव लिहायचा प्रयत्न केलेला तो कागद.