आलोइस अल्झायमर

आलोइस अल्झायमर (१४ जून १८६४, मार्क्टब्राइट, बव्हेरिया – १९ डिसेंबर १९१५, ब्रेस्लाऊ) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ व मेंदूच्या विकृतीचे अभ्यासक होते. स्मृती, भाषा आणि स्थळाचे भान क्रमाक्रमाने नष्ट करणाऱ्या एका विकाराचे त्यांनी १९०६ मध्ये वर्णन केले. हा विकार आज अल्झायमर रोग या नावाने ओळखला जातो.

प्रारंभिक जीवन

अल्झायमर यांचे वडील नोटरी होते. शालेय शिक्षण आशाफेनबुर्ग येथे झाल्यावर त्यांनी बर्लिन, ट्युबिंगन व व्यूर्त्सबुर्ग येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला. १८८७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय कानात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी हा होता. या कामामुळे सूक्ष्मदर्शकावर त्यांचा हात बसला.

फ्रँकफुर्टमधील कार्य

१८८८ मध्ये ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. संचालक एमिल झिओली यांच्यासह त्यांनी रुग्णांना बांधून ठेवण्याच्या प्रथेला आळा घातला. पुढे तेथे आलेल्या फ्रान्झ निस्सल यांनी चेतापेशी रंगवून पाहण्याचे तंत्र विकसित केले होते. रुग्णाची जिवंतपणीची लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे बदल यांची सांगड घालणे हे दोघांच्या कामाचे सूत्र बनले. १८९४ मध्ये अल्झायमर यांचा सेसिली गाइझनहाइमर यांच्याशी विवाह झाला. त्यांना तीन अपत्ये झाली. १९०१ मध्ये सेसिली यांचे निधन झाले.

ऑगुस्टे डेटर

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ५१ वर्षांच्या ऑगुस्टे डेटर यांना रुग्णालयात दाखल करण्यात आले. पतीविषयी निराधार संशय हे आजाराचे पहिले ठळक लक्षण होते. त्यानंतर स्मृती झपाट्याने ढासळली. राहत्या घरातही त्यांना वावरता येईना. त्या वस्तू इकडून तिकडे हलवीत व लपवून ठेवीत. रुग्णालयात त्यांना स्थळ व काळ यांचे भान नव्हते. अल्झायमर यांनी त्यांना रोज प्रश्न विचारून उत्तरांची तपशीलवार नोंद ठेवली.

१९०३ मध्ये अल्झायमर हे एमिल क्रेपलिन यांच्याकडे, प्रथम हायडेलबर्ग व नंतर म्युनिक येथे गेले. तरी या रुग्णाची माहिती ते घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी डेटर मरण पावल्यावर त्यांचे कागदपत्र व मेंदू म्युनिकला पाठवण्यात आले. मेंदू आकसलेला होता. चांदीच्या क्षारांनी रंगवलेल्या छेदांत चेतापेशींमध्ये तंतूंचे गुंते आणि मेंदूच्या बाह्यकात पसरलेले साठे दिसले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगनच्या परिषदेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले; त्यावर चर्चा झाली नाही. संक्षिप्त लेख १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला.

नामकरण व अखेरची वर्षे

क्रेपलिन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. मात्र ते तुलनेने कमी वयातील रुग्णांपुरतेच वापरले गेले. परिणामी वृद्धांमधील स्मृतिभ्रंश अनेक दशके म्हातारपणाचा स्वाभाविक भाग समजला गेला. दोन्हींच्या मुळाशी बहुतांशी तीच विकृती असते, हे १९६० व १९७० च्या दशकांत मान्य होऊ लागले.

१९१२ मध्ये अल्झायमर ब्रेस्लाऊ (आताचे व्रोत्सवाफ, पोलंड) येथे प्राध्यापक झाले. तेथे जाताना ते आजारी पडले व पुन्हा पूर्ण बरे झाले नाहीत. वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्ट येथे पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

डेटर यांची हरवलेली नोंदवही १९९५ मध्ये फ्रँकफुर्टमध्ये सापडली. पहिल्याच रुग्णात नोंदवलेल्या स्थळभ्रमाचे कारण पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केले. हाइको व एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्ये दाखवल्यानुसार तंतूंचे गुंते बाह्यकात प्रथम एन्टोरायनल भागाजवळ दिसतात व पुढे हिप्पोकॅम्पसकडे पसरतात. याच दोन भागांत जागेचा मानसिक नकाशा तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी जॉन ओकीफ, माय-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वाढत्या वयात नवी वाट लक्षात ठेवणे सर्वांनाच थोडेफार कठीण जाते. परिचित गल्लीत किंवा स्वतःच्या घरात दिशा चुकू लागणे हे मात्र वैद्यकीय तपासणीची गरज दर्शवणारे लक्षण मानले जाते.