सरफोजीराजे : ओरत्तनाडुचे छत्र आणि रुग्णांच्या नोंदी

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वरच्या यात्रेकरूंची ही जुनी वाट. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे आपल्या दिवंगत प्रिय सहचारिणीच्या नावाने मुक्तांबाळ छत्र उभारले.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले; परंतु गादी अमरसिंहांकडे गेली. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली सरफोजींचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला आणि भोवतालचा थोडका मुलूख.

छत्रांची व्यवस्था मात्र त्यांनी हातची जाऊ दिली नाही. १८०१ मध्ये त्यांनी रेसिडेंट टोरिन यांना पत्र लिहून छत्रांचे कार्य तपशीलाने कळविले. तेथे वाटसरूंना अन्न मिळे, मुलांना विद्या मिळे आणि आजारी पडलेल्यांवर वैद्य उपचार करीत. सत्ता गमावलेल्या राजाने कशासाठी आग्रह धरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तंजावरच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी व पाश्चात्त्य वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. अनुभवास उतरलेले उपचार दरबारी विद्वानांनी तमिळ पद्यात बांधले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहात खोकला व दमा यांवरील चिकित्साही आहे. धूळ आणि धूर यांनी श्वासरोग जडतो, हे चरकसंहितेनेही सांगितलेले असल्याने देशी वैद्यांना ते नवे नव्हते.

ॲस्बेस्टॉसच्या तंतूंचा धोका त्या काळी कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते. उष्णतारोधक आवरणांत वापरल्या गेलेल्या या खनिजाचे सूक्ष्म तंतू कामगाराच्या फुफ्फुसात रुतून बसतात आणि आजार बहुधा काही दशकांनी प्रकट होतो. तोवर कामगाराने नोकरी सोडलेली असते. अशा वेळी जुन्या नोंदी नसतील, तर आजाराचे मूळ सिद्ध करणे कठीण होते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अशा कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे, अथवा निवृत्तीनंतर वा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत जतन करण्याचा आदेश दिला.

रुग्णाची नोंद ठेवण्याची ही शिस्त सरफोजींच्या तंजावरात दिसते. त्यांच्या नेत्रचिकित्सालयातील रुग्णांची टिपणे व डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची स्थिती त्यांत नोंदलेली आढळते.

सरफोजी १८३२ मध्ये निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्यानंतर, १८५५ मध्ये, गादीही संपली. टिपणे तेवढी राहिली.