धम्मासाठी घर सोडलेले भदंत फाहियान

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात फाहियान आपल्या सगळ्यांना एकदा तरी भेटलेला असतो. चिनी प्रवासी होता, गुप्तांच्या काळात भारतात आला, प्रवासवर्णन लिहून गेला. दोन मार्कांचा प्रश्न, दोन ओळींचं उत्तर, की झालं. पण तो माणूस नुसता प्रवासी नव्हता, ते पुस्तकात कुठे सांगतात? ते भिक्खू होते. वयाची साठी उलटल्यावर ते घराबाहेर पडले, परक्या मुलखात वर्षानुवर्षं राहिले, तिथली भाषा शिकले, आणि आपल्या देशाच्या आठवणीने एकदा रडलेसुद्धा.

आज आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांतली मुलं-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी लांब गेली आहेत. कुणी पुण्या-बंगलोरला, कुणी आखाती देशात, कुणी थेट अमेरिकेत. इकडे आईला घास गोड लागत नाही आणि तिकडे लेकराला झोप लागत नाही. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत भदंत फाहियान यांचं चरित्र सांगावं असं आम्ही ठरवलं.

फाहियान यांचा जन्म साधारण इ.स. ३३७ च्या सुमारास, आज ज्याला शान्शी म्हणतात त्या चीनच्या उत्तरेकडच्या प्रांतात झाला. त्यांच्या आधीचे तीन भाऊ अगदी लहानपणीच वारले होते. हा तरी मुलगा जगावा म्हणून वडिलांनी तिसऱ्या वर्षीच त्याला संघाला अर्पण केलं; पण मायेपोटी ठेवलं घरातच. पुढे मूल फार आजारी पडलं तेव्हा त्याला विहारात नेलं, तिथे ते बरं झालं, आणि मग काही घरी परत यायला तयार होईना. आईचा जीव राहीना. तिने विहाराच्या दाराबाहेर एक लहानसं खोपटं बांधलं, का तर जाता-येता लेकरू दिसावं. दहाव्या वर्षी वडील गेले. काका म्हणाले, आई एकटी पडली, आता घरी चल. मुलगा गेला नाही. आई वारल्यावर मात्र तो गेला, तिचं सगळं नीट केलं, आणि पुन्हा विहारात परतला. हे त्यांच्या जुन्या चरित्रात नोंदलेलं आहे. घर सोडणारा माणूस दगडाच्या काळजाचा असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी आईसाठी परत गेलेला हा मुलगा लक्षात ठेवावा.

मोठेपणी फाहियान चांगआन, म्हणजे आजचं शिआन, या शहरात राहत होते. तिथे त्यांना एक गोष्ट सारखी खटकत होती. भिक्खुसंघाचे नियम ज्यात आहेत तो विनय चीनमध्ये अपुरा, तुटक होता. नियमच पुरे नाहीत तर संघ चालायचा कसा? मूळ विनय बुद्धांच्या भूमीत जाऊन आणायचा, असा निश्चय करून इ.स. ३९९ मध्ये ते हुईचिंग, ताओचेंग, हुईइंग आणि हुईवेई या भिक्खूंबरोबर निघाले. वाटेत आणखी काही जण मिळाले.

तुन्हुआंग सोडल्यावर वाळवंट लागलं. १७ दिवस ते त्यातून चालले. वर पक्षी नाही, खाली जनावर नाही. वाट ओळखायची तर आधी मेलेल्यांच्या हाडांवरून. खोतानला ते ३ महिने राहिले. मग पामीरचे बर्फाचे डोंगर, मग सिंधू नदीचा कडा. तिथे खडकात खोदलेल्या ७०० पायऱ्या उतरून दोरांच्या पुलावरून नदी ओलांडावी लागली.

सोबती एकेक करून कमी होत गेले. पेशावरहून काही जण माघारी फिरले. हुईइंग तिथल्याच विहारात वारले. पुढे हिवाळ्यात बर्फाचा डोंगर ओलांडताना गार वाऱ्याने हुईचिंग यांच्या तोंडाला फेस आला. मी काही जगत नाही, तुम्ही थांबू नका, नाहीतर सगळेच मराल, असं सांगून त्यांनी प्राण सोडला. फाहियान यांनी त्या देहावर हात फिरवत शोक केला. ज्या कामाला निघालो ते झालंच नाही, आणि वाटेतच हे काय झालं, असं त्यांना वाटलं. मग ते उठले आणि डोंगर चढू लागले.

श्रावस्तीच्या जेतवनात पोचले तेव्हा पाच जणांपैकी दोघेच उरले होते, फाहियान आणि ताओचेंग. तथागत जिथे २५ वर्षं राहिले ती ही जागा, हे मनात येताच आपण किती दूरच्या टोकाला जन्मलो, कोण सोबती परत गेले, कोण मेले, हे सगळं आठवून दोघांचं मन भरून आलं. तिथल्या भिक्खूंनी विचारलं, कुठून आलात? चीनमधून आलो म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. आपल्या गुरूंच्या गुरूंपासून इकडे चीनचा भिक्खू आलेला कुणी पाहिलाच नव्हता.

या मुलखातलं पुष्कळ चांगलं फाहियान यांनी लिहून ठेवलं. पण परक्या माणसाच्या डोळ्याला आणखीही एक गोष्ट दिसली. मध्यदेशात चांडाळांना गावाबाहेर राहावं लागे, आणि शहरात किंवा बाजारात शिरताना लाकूड वाजवावं लागे, म्हणजे लोकांनी ओळखून बाजूला व्हावं. हजारो कोसांवरून आलेल्या भिक्खूला आदराने बसवणाऱ्या देशात जवळच्या माणसाची ही गत होती! बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात अस्पृश्यता केव्हा जन्माला आली याचा शोध घेताना फाहियान यांची ही नोंद तपासली आहे. आपल्या दृष्टीने या प्रवासवर्णनाचं मोल त्यामुळे आणखी वाढतं.

राजगृहाला गृध्रकूट पर्वतावर फुलं, धूप आणि दिवे वाहून फाहियान यांनी एक रात्र सूत्रपठणात काढली. बुद्ध इथे होते आणि आपण उशिरा आलो, या विचाराने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता खरं काम पुढे होतं. उत्तरेत विनय तोंडपाठ चालत आलेला, लिहिलेली प्रत मिळेना. अखेर पाटलीपुत्राच्या एका विहारात महासांघिकांचा विनय मिळाला. नुसती प्रत मिळून काय उपयोग? भाषा यायला हवी. फाहियान तिथे ३ वर्षं राहिले, संस्कृत शिकले आणि स्वतःच्या हाताने ग्रंथ उतरवून घेतले. साठी उलटलेल्या माणसाने नवी भाषा, नवी लिपी, नवं अन्न सगळं अंगवळणी पाडलं. आपण मात्र चाळिशीत म्हणतो, आता काय शिकायचं!

ताओचेंग यांचं मन मात्र इथेच रमलं. मध्यदेशातल्या भिक्खूंची शिस्त पाहून त्यांनी ठरवलं, आता परत जायचं नाही. ते भारतातच राहिले. फाहियान यांनी त्यांना बोल लावला नाही, आम्हीही लावत नाही. जो तिथलाच होऊन राहतो त्याचंही एक आयुष्य असतं. पण फाहियान विनय नेण्यासाठी आले होते. ते एकटे निघाले.

ताम्रलिप्तीच्या बंदरावर सूत्रं उतरवण्यात आणि मूर्तींची चित्रं काढण्यात २ वर्षं गेली. मग व्यापाऱ्यांच्या गलबतातून १४ दिवसांनी ते सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. अनुराधपूरच्या अभयगिरी विहारात तेव्हा ५ हजार भिक्खू राहत आणि हिरव्या मौल्यवान दगडाची भव्य बुद्धमूर्ती होती. एके दिवशी त्या मूर्तीजवळ कुणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या रेशमाचा पंखा त्यांना दिसला. पंखा चीनचा होता.

झालं! इतकी वर्षं ज्यांच्याशी बोलले ते सगळे परके. डोंगर, नद्या, झाडं, गवत, काही म्हणजे काही ओळखीचं नाही. सोबती कुणी मेले, कुणी मागे राहिले; बरोबर उरली फक्त स्वतःची सावली. आणि अचानक समोर आपल्या देशातली एक साधी वस्तू. फाहियान यांच्या डोळ्यांतून आपोआप धारा लागल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, लपवलं नाही. वाळवंट आणि बर्फ तुडवून आलेल्या भिक्खूला एका पंख्याने रडवलं.

पण पुढचं पाहा. डोळे पुसून ते पहिल्या गलबताने पळाले नाहीत. चीनमध्ये नसलेला महिशासकांचा विनय आणि आगमग्रंथ हाती येईपर्यंत ते तिथे राहिले. एकूण २ वर्षं काढून, काम पुरं करूनच ते निघाले.

परतीची वाट जाण्यापेक्षा कठीण निघाली. २०० हून अधिक माणसांचं गलबत तुफानात सापडलं, पाणी आत येऊ लागलं, व्यापारी सामान समुद्रात फेकू लागले. फाहियान यांनी आपलं भांडं-तांब्या फेकून दिला. पण ग्रंथ कुणी फेकतील या धास्तीने ते आपल्या देशातल्या भिक्खुसंघाचं स्मरण करीत मनोमन प्रार्थना करत राहिले. कसंबसं गलबत जावा-सुमात्राच्या बाजूला लागलं. तिथे ५ महिने काढून ते दुसऱ्या गलबतावर चढले. पुन्हा तुफान. आता ब्राह्मण प्रवाशांनी ठरवलं की या श्रमणामुळेच संकट आलं, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्या. एक उपासक आडवा उभा राहिला. त्याला उतरवणार असाल तर मलाही उतरवा, नाहीतर चीनला पोचल्यावर मी राजाला सांगेन, असं त्याने बजावलं, तेव्हा ते गप्प झाले. गोडं पाणी संपत आलं, समुद्राच्या पाण्यात अन्न शिजवावं लागलं.

इ.स. ४१२ मध्ये एकदाचा किनारा लागला. कुठे आलो कुणालाच कळेना. पण काठावर एक ओळखीची रानभाजी दिसली, आपल्याकडच्या चाकवताच्या कुळातली. ती पाहूनच कळलं, हा आपलाच देश! बघा, घर ओळखायला पालेभाजी पुरली. भेटलेल्या दोन शिकाऱ्यांना फाहियान यांनी आधी धीर दिला आणि मग हळूच हा कोणता मुलूख ते विचारून घेतलं. तिथला अधिकारी बुद्धांचा उपासक होता. ग्रंथ आणि मूर्ती आल्याचं ऐकून तो स्वतः समुद्रकाठी सामोरा आला.

फाहियान यांना चांगआनला आपल्या गुरूंकडे जायची फार ओढ होती. पण भाषांतराचं काम मोठं होतं, म्हणून ते दक्षिणेला राजधानीत, आजच्या नानकिंगला गेले. तिथे भारतातून आलेल्या बुद्धभद्र या भिक्खूंबरोबर त्यांनी महासांघिक विनयाचं चिनी भाषांतर इ.स. ४१८ पर्यंत पुरं केलं. वयाची ऐंशी ओलांडल्यावर चिंगचौच्या विहारात त्यांचं निधन झालं. श्रीलंकेत मिळालेला विनय भाषांतरित व्हायचा राहिला होता, तो पुढे इतर भिक्खूंनी केला.

म्हणजे देश मिळाला, पण ज्या शहरातून निघाले तिथे जायचं त्यांनी कामासाठी बाजूला ठेवलं. म्हणून लांब गेलेल्या आपल्या लेकरांना आमचं एवढंच सांगणं आहे. घरच्या आठवणीने रडू आलं तर लाजू नका, भदंत फाहियानही रडले. तिथली भाषा शिका, तिथल्या माणसांत राहा, आणि कशासाठी निघालो ते विसरू नका. आणि घरच्यांना सांगणं असं की फोनवर तब्येत विचारता तशी, काय शिकलास, आपल्या वस्तीच्या मुलांना त्यातलं काय देशील, हेही विचारत जा.