आर्चिबाल्ड गॅरड : डागाळलेल्या दुपट्यांचा शोध

१९०१ साली लंडनमधील एका कुटुंबात पाचवे मूल जन्माला येणार होते. त्या घरात अल्काप्टोन्युरियाची मुले आधीच होती. या विकारात मूत्र हवेच्या संपर्कात येताच काळवंडते आणि दुपटी डागाळतात. नवजात बाळाच्या दुपट्यांवर नजर ठेवण्याची व्यवस्था डॉ. आर्चिबाल्ड गॅरड यांनी केली. ५२ तासांत गडद डाग उमटले. तोवर हा आतड्यांतील जंतूंचा प्रताप मानला जाई. पण जन्मतःच दिसणारा विकार संसर्गाचा कसा असेल? बाळाचे आईवडील सख्ख्या भावंडांची मुले होती. अशाच नात्यातील विवाह इतर रुग्णांच्या घरांतही आढळले. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी त्याचा संबंध मेंडेलच्या नियमांशी जोडून दाखविला आणि १९०२ मध्ये गॅरड यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला.

गॅरड यांचा जन्म १८५७ चा, लंडनचा. संधिवाताच्या एका प्रकारात रक्तातील युरिक आम्ल वाढते, हे दाखविणारे सर आल्फ्रेड गॅरड हे त्यांचे वडील. रोग्याच्या शरीरातील रसायन वाचण्याचा वारसा घरचाच. १९०८ च्या व्याख्यानांत त्यांनी असे चार जन्मजात चयापचय-दोष मांडले. विकराची एक पायरी जन्मतःच गळालेली असते, हे त्यांचे म्हणणे. समकालीनांनी आदराने ऐकले आणि बाजूला ठेवले. दुर्मीळ विकार, त्यात उपाय नाही, मग वैद्याने करायचे काय?

पहिल्या महायुद्धाने त्यांचे घर रिकामे केले. दोन मुलगे युद्धात गेले, तिसरा १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाने. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डचे मानाचे वैद्यक अध्यासन त्यांच्याकडे आले. १९३६ मध्ये ते निवर्तले. उरलेली एकुलती कन्या डोरोथी १९३९ मध्ये केंब्रिजची पहिली महिला प्राध्यापक झाली.

गॅरड यांनी तर्काने सांगितलेल्या विकराचा अभाव १९५८ मध्ये रुग्णाच्या यकृतात प्रत्यक्ष सिद्ध झाला. रुग्णांच्या वाट्याला मात्र उतारवयात काळे पडलेले सांधे आणि ताठलेला कणाच येत राहिला. अखेर निटिसिनोन हे औषध आले. मूळ संशोधन तणनाशकाचे! ते आधीचीच पायरी रोखते, त्यामुळे होमोजेंटिसिक आम्ल तयारच होत नाही. चाचण्यांत मूत्रातील त्याचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले आणि २०२० मध्ये युरोपात प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मात्र रक्तात टायरोसिन साचून डोळ्यांच्या पारपटलाला इजा होऊ शकते. म्हणून औषधासोबत प्रथिनांचे पथ्य आणि डोळ्यांची तपासणी लागते.