मेहकरच्या वकिलाची 'शीळ'

मराठी भावगीताच्या पहिल्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकेचे श्रेय मुंबई-पुण्याकडे जात नाही, ते वऱ्हाडाकडे जाते. अकोला, अमरावती, यवतमाळ आणि बुलढाणा या तेव्हाच्या चार जिल्ह्यांच्या त्या मुलखात नागोराव घनश्याम देशपांडे, म्हणजेच कविवर्य ना. घ. देशपांडे, यांचा जन्म 21 ऑगस्ट 1909 रोजी बुलढाणा जिल्ह्यातील सेंदुरजन येथे झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी मेहकरला वकिली केली आणि आयुष्य त्याच गावात घालवले.

'शीळ' ही कविता त्यांनी ऐन विशीत लिहिली. रानातून येणारी प्रियकराची शीळ ऐकून कासावीस होणारी खेड्यातली तरुणी हा तिचा विषय. भाषा तिच्याच तोंडची, बोलीतली. त्या काळी पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता सभांतून गाऊन दाखवत. मेहकरच्या या तरुणामागे असे कोणतेही मंडळ नव्हते.

ही कविता जी. एन. जोशी यांच्या हाती आली आणि चित्र पालटले. जोशीही वैदर्भीय, कायद्याचे पदवीधर आणि देशपांड्यांचे समवयस्क. त्यांनी स्वतःच तिला चाल लावली आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी ती एचएमव्हीच्या तबकडीवर गायली. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तोवर मराठी ग्रामोफोनवर नाट्यपदे, लावण्या आणि भजने यांचेच राज्य होते. नाटकाचा आधार नाही, देवाचे नाव नाही, ताना-पलट्यांचा पसाराही नाही, अशी निव्वळ एक कविता शब्द स्पष्ट ठेवून गायलेली लोकांनी ऐकली आणि डोक्यावर घेतली. जोशींचे नाव घरोघरी गेले. पुढे ते एचएमव्हीतच अधिकारी झाले आणि शास्त्रीय संगीतातील थोर कलावंतांच्या मुद्रिका त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या. 1967 मधील 'कॉल ऑफ द व्हॅली' हीदेखील त्यांचीच निर्मिती.

कवीच्या वाट्याला मात्र निराळेच यश आले. कविता सर्वतोमुखी झाली, पण ज्या संग्रहाला तिचे नाव मिळाले तो 'शीळ' प्रसिद्ध व्हायला 1954 साल उजाडावे लागले. मधल्या वीसएक वर्षांत असंख्य रसिकांनी देशपांड्यांना वाचण्याआधीच ऐकले होते. पुस्तकाच्या बाबतीत एवढी सबुरी आजच्या कवींना परवडेल असे वाटत नाही! प्रसिद्धीच्या मागे लागून त्यांनी मेहकर सोडले नाही की त्या एका गाण्याच्या नकला काढत बसले नाहीत.

'अभिसार' हा दुसरा संग्रह 1963 मध्ये आला. त्यानंतर पुन्हा दोन दशकांहून अधिक खंड पडला. 'खूणगाठी'ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवीने पंचाहत्तरी ओलांडली होती. मेहकरमधील कंचनीच्या महालाच्या जुन्या वास्तूवरही त्यांनी दीर्घकाव्य लिहिले. 10 मे 2000 रोजी त्यांचे निधन झाले.