लोकमान्य, एक पैसा आणि काचेची भट्टी

१ ऑगस्ट हा लोकमान्य टिळकांचा स्मृतिदिन. दरवर्षी आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, भाषणे करतो. त्या भाषणांत शेंगांची टरफले येतात, मंडालेचा तुरुंग येतो, गणेशोत्सवही येतो. पण काचेचा कारखाना सहसा येत नाही. म्हणून यंदा आम्ही त्याविषयी लिहायचे ठरवले.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बाळ दहा वर्षांचा असताना कुटुंब पुण्याला आले आणि तो सोळा वर्षांचा असताना वडील वारले. गणित हा टिळकांचा लाडका विषय. वकिलीची परीक्षा देऊनही त्यांनी सरकारी नोकरी धरली नाही. १८८० साली मित्रांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि पुढच्याच वर्षी केसरी सुरू झाला.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशीची चळवळ पेटली. परदेशी कापड आणि परदेशी साखर नको, असे लोक म्हणू लागले. पण घरात पाहावे तर दिव्याची चिमणी परदेशी, औषधाची बाटली परदेशी आणि सौभाग्याचे लेणे म्हणून हातात भरलेली काचेची बांगडीही पुष्कळदा ऑस्ट्रियाहून आलेली. नुसता बहिष्कार घालून भागणार नव्हते. वस्तू इथेच तयार करायला हवी होती. त्यासाठी भांडवल कुठून आणायचे?

याला अंताजी दामोदर काळे यांनी उत्तर शोधले होते. प्रत्येकाने देशी उद्योगासाठी फक्त एक पैसा द्यावा, ही त्यांची कल्पना. हाच पैसा फंड. लोकमान्यांनी या कल्पनेच्या पाठीशी आपले वजन उभे केले. आता जरा गणित करू या. त्या काळी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाला ६४ पैसे. हजार रुपये जमवायचे तर ६४ हजार माणसांपुढे हात पसरायला हवा! गणिताच्या शिक्षकाला हा हिशेब कळत नव्हता, असे कसे म्हणावे? पण ज्या कामात ६४ हजार माणसांचा पैसा आहे, ते काम ६४ हजार माणसांना आपले वाटते, हेही त्यांना कळत होते.

या पैशांतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. काम मोठे जोखमीचे होते. वाळू, सोडा आणि चुना भट्टीत वितळवायचा. लोखंडी नळीच्या टोकावर तो तापलेला रस घेऊन फुंकायचा आणि हाताने घडवायचा. वस्तू एकदम गार झाली तर तडकते, म्हणून ती हळूहळू निववायची. हे कसब पुस्तकातून येत नाही. देशात आधी निघालेले काही काच कारखाने बंदही पडले होते. गरिबांचा पैसा बुडाला असता, तर पुन्हा कोणी विश्वास ठेवला नसता. म्हणून जपान आणि अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे काम सोपवले गेले. इथे मालाबरोबर माणसेही तयार झाली. काचकाम शिकलेले तरुण इथून बाहेर पडले आणि दुसऱ्या कारखान्यांत गेले.

लोकमान्यांना मात्र हे उभे राहणे जवळून पाहता आले नाही. त्याच वर्षी जुलैत त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. तिथे त्यांनी गीतारहस्य लिहिले. १९१४ साली ते सुटून आले, त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि ऑस्ट्रियाचा माल यायचा थांबला. देशी काचेला अचानक मागणी आली. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघर पोचला. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्यांनी देह ठेवला.

आपल्या हैदराबादेतही १९०७ साली मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा सुरू केली, ती याच काळात. आज हिमायतनगरातून चारमिनारला गेलात आणि लाड बाजारात बांगड्या घेतल्यात, तर त्यांवर बसवलेले काचेचे चमकते तुकडे जरा निरखून पाहा. साधी काचसुद्धा कधीकाळी आपल्याला बाहेरून आणावी लागे. ती इथे व्हावी म्हणून ज्यांनी एकेक पैसा दिला, त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नाहीत.

यंदा लोकमान्यांच्या तसबिरीला हार घालताना त्या बिननावाच्या माणसांचीही आपण आठवण ठेवू या. आणि आपल्या वाट्याचा एक पैसा कोणता, हेही ज्याने त्याने ठरवू या.