आकाश मोजणारा राजा आणि आकाशाच्या द्रव्याचे कोडे

जयपूर : आकाशातील ज्योती पृथ्वीवरच्याच द्रव्यांनी घडल्या आहेत की तेथे आपल्याला अपरिचित असे एखादे मूलद्रव्य आहे, हा प्रश्न फार जुना आहे. जयपूरचे संस्थापक सवाई जयसिंह दुसरे यांच्या दरबारी तो ग्रंथरूपाने येऊन पोहोचला होता. त्याचे उत्तर देणारे साधन मात्र त्या काळी जगात कोणापाशीच नव्हते.

आमेरच्या कछवाह घराण्यात ३ नोव्हेंबर १६८८ रोजी जन्मलेले जयसिंह अकराव्या वर्षी गादीवर आले. औरंगजेबाच्या सैन्याबरोबर ते कोवळ्या वयातच दक्षिणेत उतरले आणि १७०२ मधील विशाळगडच्या वेढ्यात लढले. पुढे माळव्याची सुभेदारी, मोगल दरबारातील डावपेच आणि पेशव्यांशी वाटाघाटी यांत आयुष्य गुंतले. मन मात्र गणित व ज्योतिषातच रमले.

१७२७ मध्ये त्यांनी जयपूर वसवले. दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. धातूची लहान यंत्रे झिजतात, डळमळतात, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. जयपूरच्या सम्राट यंत्राची उंची सुमारे २७ मीटर असून त्याच्या छायेवरून दोन सेकंदांपर्यंतचा काळ मोजता येतो. युरोपातील ज्ञान ताडून पाहण्यासाठी त्यांनी पोर्तुगालला मंडळ धाडले. तेथून आलेल्या ला हीर यांच्या कोष्टकांत चंद्राचे स्थान सुमारे अर्ध्या अंशाने चुकते, असे त्यांना आढळले.

त्यांचे पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणला. आकाश हे पार्थिव द्रव्यांहून सूक्ष्म आणि निराळ्या द्रव्याचे आहे, ही ग्रीक धारणा त्या ग्रंथात गृहीत आहे. जयसिंहांनी दुर्बिणीतूनही आकाश पाहिले. गुरूचे चार चंद्र आणि सूर्यावरील डाग यांबरोबरच बुध व शुक्र स्वयंप्रकाशी नाहीत, ही नोंद ‘झीज-ए-मुहम्मदशाही’त आहे. ती साधी नव्हे. तेजोगोल समजला जाणारा ग्रह उसन्या प्रकाशाने चमकतो असे ठरले, की आकाशाच्या निराळेपणालाच तडा जातो. पण दगडी यंत्र तारा कोठे आहे ते सांगते, कशाचा आहे ते नाही. आणि जयसिंहांचा भर अखेरपर्यंत दगडी यंत्रांवरच राहिला. २१ सप्टेंबर १७४३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८ ऑगस्ट १८६८ रोजी, भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात वर्णपटदर्शक रोखणाऱ्या निरीक्षकांना सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा आढळली. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ती पाहिली आणि पुढे ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. तेच हेलियम. १८९५ मध्ये ते रॅम्झी यांना युरेनियमच्या खनिजात, म्हणजे पृथ्वीवरच सापडले. १८९८ च्या ग्रहणासाठी लॉकियर कोकणात विजयदुर्गास आले, तेव्हा सूर्याच्या प्रभामंडळातील हिरवी रेषा ‘कोरोनियम’ नावाच्या अज्ञात द्रव्याची मानली जात असे. सुमारे चार दशकांनी ती अतितप्त लोखंडाची निघाली. अणुक्रमांक १ ते ११८ यांत आज एकही जागा रिकामी नाही. आकाशात कोठे नवे मूलद्रव्य असलेच, तर ते यांहून जड आणि बहुधा अल्पायुषी असेल.

कोरोनियमचा शोध सुरू होता, त्याच सुमारास जयसिंहांची जयपूरची यंत्रे मोडकळीस आली होती. १९०१-०२ मध्ये अभियंते गॅरेट आणि ‘उसने कहा था’ या कथेचे पुढे ख्यातनाम झालेले लेखक चंद्रधर शर्मा गुलेरी यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला. २०१० मध्ये युनेस्कोने जयपूरच्या जंतरमंतरचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.